नकाराची बांधणी : अरुंधती घोष, जिनिव्हा आणि कलम १४

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत कौन्सिल चेंबर नावाचे दालन आहे. भिंती आणि छत जोसे मारिया सेर्त या स्पॅनिश चित्रकाराच्या सोनेरी-तपकिरी चित्रांनी भरलेले. छतावर पाच खंडांचे म्हणून पाच प्रचंड हात एकमेकांत गुंतलेले. खाली प्रत्येक शिष्टमंडळापुढे देशाच्या नावाची पाटी. निःशस्त्रीकरण परिषद इथे भरते, आणि इथे कशावरच मतदान होत नाही. अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत आहे का? क्षणभर थांबतात. कुणी बोलले नाही तर हातोडा पडतो आणि ठरले असे होते. एकाच देशाने हरकत घेतली तरी हातोडा वरच राहतो.

२० ऑगस्ट १९९६ रोजी ती हरकत भारताची होती. अडीच वर्षे चाललेल्या वाटाघाटींतून सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराचा, म्हणजे सीटीबीटीचा मसुदा तयार झाला होता, आणि तो परिषदेच्या नावाने पुढे जाऊ देण्यास भारताने नकार दिला. भारताच्या पाटीमागे होत्या स्थायी प्रतिनिधी अरुंधती घोष.

हे प्रकरण आपल्याकडे बहुतेक वेळा एका बाणेदार भाषणाची गोष्ट म्हणून सांगितले जाते. भाषण झाले, बाणेदारही झाले. पण तो शेवटचा टप्पा. त्याआधी जानेवारीपासून हा नकार एकेक पायरीने रचला गेला. त्यातल्या काही पायऱ्या पक्क्या होत्या, एक-दोन डळमळीत. सेवेत असणाऱ्याने किंवा परराष्ट्र व्यवहार शिकणाऱ्याने बघायचे ते हे बांधकाम.

आधीची वाट

घोष यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९३९ चा, मुंबईतला. शाळा फोर्टमधली कॅथीड्रल अँड जॉन कॉनन, पुढचे शिक्षण कोलकात्याच्या लेडी ब्रेबर्न महाविद्यालयात आणि शांतिनिकेतनला. घर सरकारी आणि सार्वजनिक कामाचे: भाऊ भास्कर घोष दूरदर्शनचे महासंचालक, बहीण रुमा पाल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. १९६३ मध्ये त्या भारतीय परराष्ट्र सेवेत आल्या. तेव्हाच्या सेवानियमांप्रमाणे महिला अधिकाऱ्याला लग्न करायचे तर सरकारची लेखी परवानगी लागे. परराष्ट्र सेवेतल्याच अधिकारी सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयाने या नियमांवर कोरडे ओढले, तोवर घोष यांची सेवा सोळा वर्षांची झाली होती.

ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, बांगलादेश, न्यूयॉर्कमधले स्थायी मिशन. मग दक्षिण कोरिया आणि इजिप्तमध्ये राजदूत, पॅरिसला युनेस्कोत स्थायी प्रतिनिधी. या यादीत निःशस्त्रीकरणाचे टेबल कुठेच नाही. आपल्या सेवेची घडणच अशी आहे की अधिकारी भाषेचा आणि भूभागाचा जाणकार होतो, विषयाचा क्वचितच. जिनिव्हात तर एकाच प्रतिनिधीच्या डोक्यावर आरोग्य संघटना, श्रम संघटना, निर्वासित, मानवी हक्क आयोग अशा चार-पाच टोप्या तेव्हा असत. नव्वदीच्या मध्यात मानवी हक्क आयोगात काश्मीरवरून पाकिस्तानशी दरवर्षी खणाखणी होई. मिशनचा अर्धा जीव तिकडे गुंतलेला. निःशस्त्रीकरण परिषद वर्षातले २४ आठवडे, तीन तुकड्यांत भरते. एवढ्यात विषय आत्मसात करायचा असतो, आणि भूकंपलहरी, अणुभट्ट्या, संगणकीय सदृशीकरण (सिम्युलेशन) हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यातले.

भारताने आपलेच बाळ का नाकारले

समोरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो वाजवी होता. अणुचाचण्या थांबवा अशी मागणी नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत केली होती. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारावर भारताने पहिल्याच आठवड्यात सही केली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्वंकष बंदीच्या वाटाघाटी सुरू करण्याचा ठराव आला तेव्हा अमेरिकेसोबत भारतही सहप्रस्तावक होता.

मग तीन वर्षांत काय बदलले? सर्वांत मोठी गोष्ट ११ मे १९९५ ची. अण्वस्त्रप्रसारबंदी करार, एनपीटी, न्यूयॉर्कमध्ये बेमुदत वाढवला गेला. पाच देशांची अण्वस्त्रे कायमची मान्य आणि बाकीच्यांवर कायमची बंदी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. त्यानंतर चाचणीबंदी ही निःशस्त्रीकरणाकडे जाणारी पायरी उरत नव्हती. जे आहे ते गोठवणारे झाकण होत होते. दुसरे, चीन आणि फ्रान्स वाटाघाटी चालू असतानाच चाचण्या करत होते. तिसरे, मसुद्यात बंदी स्फोटावर होती. स्फोटाविना शस्त्र सुधारण्याचे प्रयोगशाळेतले मार्ग मोकळे होते, आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांना चाचणीची गरज कमीच उरली होती. चौथे कारण जाहीर भाषणांत सुरुवातीला नव्हते: भारताची १९७४ ची एकच चाचणी. १५ डिसेंबर १९९५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पोखरणमधल्या हालचालींची बातमी छापली, अमेरिकेचा दबाव आला, आणि नरसिंह राव सरकारच्या काळात दुसरी चाचणी झालीच नाही. करार लागू झाला की ती दारे बंद होणार, हे दिल्लीत सगळ्यांना दिसत होते.

पहिली पायरी: आधी मागणी नोंदवा

जानेवारी १९९६ च्या अखेरीस भारताने परिषदेत दुरुस्त्या मांडल्या. बंदीची व्याप्ती वाढवा, म्हणजे प्रयोगशाळेतली पळवाटही बुजेल. आणि ठरावीक मुदतीत सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याची बांधिलकी सर्व सदस्यांनी दिल्यावरच करार लागू होईल असे लिहा. अण्वस्त्रधारी पाच देश हे मान्य करतील असे दिल्लीत कुणाला वाटले असेल तर नवलच. पण या कागदाला किंमत होती. पुढे ‘तुम्ही वाटाघाटीत भागच घेतला नाही’ असे म्हणण्याची सोय त्याने कुणाला ठेवली नाही, आणि नकाराचे कारण सात महिने आधी, लेखी, परिषदेच्या दप्तरात जमा झाले. नकार द्यायचाच असेल तर आधी काय मिळाले असते म्हणजे होकार दिला असता, हे लिहून ठेवावे लागते. नाहीतर तो आडमुठेपणा दिसतो.

मे महिन्यात दिल्लीत एक विचित्र घड्याळ चालू होते. चाचणीबंदी समितीचे अध्यक्ष, नेदरलँड्सचे याप रामाकर, यांनी २८ मे रोजी आपला एकत्रित मसुदा मांडला. त्याच दिवशी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींनी तेरा दिवसांच्या सरकारचा राजीनामा जाहीर केला. म्हणजे राव गेले, वाजपेयी आले आणि गेले, १ जूनला देवेगौडा आले, इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री झाले. आणि या सगळ्या अवधीत जिनिव्हातल्या मिशनला मसुद्याच्या ओळीओळीवर सूचना हव्या होत्या. भूमिका ढळली नाही याचे श्रेय एकट्या राजदूताला देणे चूक ठरेल. परराष्ट्र मंत्रालय, अणुऊर्जा विभाग आणि संरक्षण संशोधन यांच्यात नकारावर जवळपास एकमत झाले होते आणि तिन्ही पंतप्रधानांना तो पचणारा होता.

सूचनांच्या प्रवासाचा एक साधा हिशेब: उन्हाळ्यात जिनिव्हा दिल्लीच्या साडेतीन तास मागे असते. तिथली दहाची बैठक म्हणजे इथला दुपारचा दीड. सकाळी समोरच्याने नवा शब्द सुचवला आणि संध्याकाळी सहाला बैठक उठली, की दिल्लीत साडेनऊ वाजलेले, तिन्ही विभागांची कार्यालये बंद. म्हणून शिष्टमंडळाला पुढच्या दोन-तीन चालींची परवानगी आधीच घेऊन बसावे लागते. ज्याच्याकडे ती नसते तो ‘दिल्लीला विचारून सांगतो’ म्हणत राहतो, आणि मसुदा त्याच्याशिवाय पुढे सरकतो.

दुसरी पायरी: २० जून

या दिवशी घोष यांनी परिषदेत सांगितले की मसुदा सध्याच्या स्वरूपात भारताला मान्य करता येणार नाही. ‘सध्याच्या स्वरूपात’ हे शब्द सैल दिसतात, पण ते तिथे मुद्दाम बसवलेले होते. त्यांनी दार लोटले, कडी लावली नाही.

त्याच निवेदनात एक नवी गोष्ट होती. आमच्या आजूबाजूचे देश उघडपणे किंवा लपून आपले शस्त्रकार्यक्रम चालवत आहेत. आमची क्षमता सिद्ध झालेली आहे, संयम हे आमचे धोरण आहे. इतर देश अण्वस्त्रे नष्ट करण्याचे बंधन घेत नसतील तर भारत आपल्या क्षमतेवर बंधन घेणार नाही, असा तो मुद्दा. चाचणीबंदीच्या व्यासपीठावर राष्ट्रीय सुरक्षेची भाषा इतक्या स्पष्टपणे भारताने आधी वापरली नव्हती. हे प्रामाणिक होते आणि कधीतरी बोलावेच लागले असते. पण त्याची किंमत त्याच दिवसापासून पडू लागली, त्याबद्दल पुढे.

याच सुमारास भारताने आपली केंद्रे चाचण्या टिपणाऱ्या आंतरराष्ट्रीय देखरेख व्यवस्थेतून काढून घेतली. ही चाल भाषणांइतकी गाजली नाही, पण आमच्या मते सगळ्यांत नेमकी तीच. करारानुसार जगभर ३२१ देखरेख केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा उभ्या राहायच्या होत्या: भूकंपलहरींची ५० मुख्य व १२० साहाय्यक केंद्रे, समुद्रातल्या ध्वनीची ११, मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची ६०, किरणोत्सारी कणांची ८०. मे महिन्याच्या मसुद्यात करार लागू होण्याची अट या केंद्रांच्या यजमान देशांशी बांधली होती. भारताचे केंद्रच नाही म्हटल्यावर त्या यादीतून भारत आपोआप गळत होता. सही न करता, कुणालाही न अडवता बाजूला होण्याची वाट निघाली होती.

ग्यानबाची मेख

२८ जूनच्या सुधारित मसुद्यात ती वाट बुजवली गेली. कलम १४ आता असे होते: परिशिष्ट २ मधल्या सर्व ४४ देशांनी करार मंजूर केल्यावर, म्हणजे सहीनंतर आपापल्या देशात त्याला रीतसर मान्यता दिल्यावर, १८० दिवसांनी तो लागू होईल. हे ४४ कोण? १८ जून १९९६ रोजी निःशस्त्रीकरण परिषदेचे सदस्य असलेले, त्या वर्षीच्या कामात भाग घेतलेले, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या दोनपैकी एका तरी छापील तक्त्यात नाव असलेले देश. एक तक्ता वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांचा, एप्रिल १९९६ च्या आवृत्तीतला. दुसरा संशोधन अणुभट्ट्यांचा, डिसेंबर १९९५ च्या आवृत्तीतला. तारखाही निरखून बघाव्यात. परिषदेची सदस्यसंख्या १७ जूनला २३ ने वाढवली होती. इस्रायल आणि उत्तर कोरिया त्यांतलेच. दुसऱ्या दिवशीची तारीख घातली की तेही यादीत.

भूकंपमापक केंद्र काढून घेता येते, अणुभट्टी काढून घेता येत नाही. तारापूर वीज देत होते, ट्रॉम्बेत ध्रुव आणि सायरस चालू होत्या. भारत दोन्ही तक्त्यांत होता. आजवरची चाल एका व्याख्येने निकामी झाली.

कलम १४ चा दुसरा परिच्छेद दिल्लीला जास्त टोचत होता. सहीसाठी खुला झाल्यापासून तीन वर्षांत करार लागू झाला नाही, तर मंजुरी दिलेल्या देशांनी परिषद भरवावी आणि आंतरराष्ट्रीय कायद्याशी सुसंगत अशा कोणत्या उपायांनी मंजुरीला गती देता येईल ते ठरवावे. वाक्य सौम्य आहे. दिल्लीने ते निर्बंधांची मुदतबंद नोटीस म्हणून वाचले: सप्टेंबर १९९९.

हे कलम असे का झाले? अमेरिका याबाबत तुलनेने लवचीक होती. ब्रिटन, रशिया आणि चीन अडून बसले: आम्ही बांधले जाणार असू तर भारत, पाकिस्तान, इस्रायल मोकळे नकोत. त्यांच्या बाजूने पाहिले तर यात तर्क होता. घोष यांचे उत्तर करारांच्या कायद्यातले होते: ज्या देशाने संमती दिलेली नाही त्याच्यावर करार बंधन लादू शकत नाही. करारविषयक व्हिएन्ना संकेताचे ३४ वे कलम हेच म्हणते. भारत त्या संकेताचा सदस्य नाही ही गंमत आहेच, पण हे तत्त्व रूढ कायदा म्हणूनही चालते, त्यामुळे मुद्दा टिकला.

सही नाही, आणि अडवणार

‘आम्ही सही करणार नाही’ आणि ‘आम्ही तुम्हालाही पुढे जाऊ देणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रांत त्या सर्रास एक होतात. जुलैअखेरपर्यंत भारताची भूमिका पहिली होती. दुसरी सशर्त होती: कलम १४ मधून आम्हाला मोकळे करा, आम्ही वाटेतून बाजूला होतो. हा सौदा खराखुरा होता. रामाकर यांनी मात्र मसुदा पुन्हा उघडायला नकार दिला. एक धागा ओढला तर सगळेच उसवेल ही त्यांची भीती. तीही खरी होती. कोणत्याही जागेच्या तपासणीला करारानुसार नेमायच्या कार्यकारी मंडळातल्या ५१ पैकी ३० मते लागतील ही तडजोड चीनसाठी ऑगस्टमध्ये कशीबशी जुळली होती.

२९ जुलैला परिषदेचे तिसरे सत्र सुरू झाले. त्याच दिवशी चीनने लोप नूरला स्फोट केला आणि दुसऱ्या दिवसापासून आपण चाचण्या थांबवत असल्याचे जाहीर केले. यावर भारतीय बाजूला वेगळे भाष्य करण्याची फारशी गरज नव्हती.

कलम बदलले नाही. १४ ऑगस्टला समितीत आणि २० ला परिषदेच्या पूर्ण बैठकीत भारताने सहमती नाकारली. याच काळातले घोष यांचे ते गाजलेले वाक्य: या विषम करारावर भारत सही करणार नाही, आत्ता नाही आणि नंतरही नाही.

२० जूनला ‘सध्याच्या स्वरूपात नाही’ असे म्हणणाऱ्या देशाने दोन महिन्यांत ‘कधीच नाही’ म्हटले. देशात टाळ्या पडल्या, आणि परदेशात कुणाला संशय उरला नाही. पण राजनयात ‘कधीच’ हा महाग शब्द. दोनच वर्षांनी, पोखरणनंतर, २४ सप्टेंबर १९९८ रोजी वाजपेयींना आमसभेत सांगावे लागले की सप्टेंबर १९९९ पलीकडे करार लागू होण्यास विलंब होऊ नये यासाठी भारत चर्चा यशस्वीपणे संपवायला तयार आहे. लोटलेले दार उघडणे सोपे होते. इथे आधी कडी काढावी लागली.

कुठे चुकले

पहिली चूक नकाराधिकाराच्या मोजमापाची. सहमतीचा नियम त्या दालनापुरता होता. २२ ऑगस्टला बेल्जियमने तोच मसुदा आपला राष्ट्रीय कागद म्हणून परिषदेत दाखल केला. ऑस्ट्रेलियाने तो न्यूयॉर्कला आमसभेत नेला, जिथे मतदान होते. १० सप्टेंबर १९९६: बाजूने १५८, विरोधात ३, तटस्थ ५. विरोधातले तिघे भारत, भूतान, लिबिया. तटस्थ क्यूबा, लेबनॉन, मॉरिशस, सीरिया, टांझानिया. मसुदा दाराने अडवला तर खिडकीने जाईल, हा अंदाज ऑगस्टमध्ये दिल्लीत कुणालाच नसेल असे नाही. पण त्या खिडकीपाशी कोण कोण आपल्या बाजूने उभे राहील याची मोजदाद झालेली दिसत नाही.

कारण दुसरी चूक तिथेच आहे. अलिप्त देशांच्या ज्या गटाच्या नावाने भारत चाळीस वर्षे बोलत आला, त्यातल्या बहुतेकांनी १९९५ पर्यंत एनपीटीवर सह्या केल्या होत्या. त्यांनी अण्वस्त्रे सोडलीच होती. चाचणीबंदीत त्यांचे काहीच जात नव्हते. विषमतेचा युक्तिवाद त्यांच्या कानावर पडला तो सुरक्षेच्या युक्तिवादासोबत, आणि दोन्ही एकमेकांना कापत होते. ‘सर्वांची अण्वस्त्रे नष्ट करा’ म्हणणारा देश त्याच भाषणात ‘आमच्या क्षमतेवर बंधन नको’ म्हणाला की ऐकणारा दुसरे वाक्य घरी घेऊन जातो. दोन्ही मुद्दे खरे असूनही एकाच तोंडाने, एकाच दिवशी बोलायचे नव्हते, असे आमचे मत. पाकिस्तानने आपली सही भारताच्या सहीला बांधून ठेवली आणि आमसभेत मात्र ठरावाच्या बाजूने मत दिले. सगळा दोष भारताच्या खात्यावर आणि मोकळीक दोघांना, इतके स्वस्तात क्वचितच कुणाला मिळते.

बिल २१ ऑक्टोबरला आले. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी भारत विरुद्ध जपान लढत झाली: जपान १४२, भारत ४०. जपानची मदत, त्याचा पैसा, उशिरा सुरू झालेली भारतीय मोहीम ही कारणे आहेतच. तरी सहाच आठवड्यांपूर्वीच्या त्या ३ मतांची सावली या ४० वर नव्हती असे म्हणता येणार नाही.

नंतर

घोष नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या नियमाप्रमाणे ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्या. १९९८ ते २००४ त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सदस्य होत्या; २५ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. ११ आणि १३ मे १९९८ च्या चाचण्या सप्टेंबर १९९९ च्या त्या मुदतीच्या सोळा महिने आधी झाल्या. मुदत आली तेव्हा व्हिएन्नात परिषद भरली, आणि तिच्यामागोमाग, १३ ऑक्टोबर १९९९ रोजी, अमेरिकेच्या सिनेटनेच करार ४८ विरुद्ध ५१ असा फेटाळला. निर्बंधांची जी भीती कलम १४ मध्ये वाचली होती ती त्या वाटेने आली नाही. निर्बंध आले ते चाचण्यांमुळे.

करार अजून लागू झालेला नाही. परिशिष्ट २ मधले ४४ पैकी ९ देश अडलेले आहेत. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांची सही नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त यांची सही आहे, मंजुरी नाही. नववा रशिया: ज्या तीन देशांनी भारताला त्या यादीत बसवण्याचा हट्ट धरला होता त्यांतला एक. त्याने २००० मध्ये दिलेली मंजुरी नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतली.